भोंग्याच्या हातातला वारा

दाभणे बंदरात आता आभाळाकडे कोणी बघत नसे. भोंगा वाजला की होड्या माघारी फिरायच्या, भोंगा गप्प असला की जाळी पाण्यात पडायची. भोंगा बसवल्यापासून बंदराने एकही माणूस गमावला नव्हता. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे लोकांनी भोंग्याला शेंदूर फासायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

हा भोंगा बोलता केला तेजल चोगलेने. तेजल ही जितेशची, एका होडीच्या तांडेलाची म्हणजे कप्तानाची, बायको. पुण्यात प्रोग्राम लिहायची चांगली नोकरी होती, पण नवरा होडी सोडायला तयार होईना, म्हणून तीच परत आली आणि मच्छीमार सोसायटीच्या कामाला लागली. सासू कुंदाबाई धक्क्यावर बसून सगळ्यांना सांगायची, "माझी सून मासळी निवडत नाय, वारा निवडते." त्यात टोमणा किती आणि अभिमान किती, हे कुंदाबाईलाही सांगता आलं नसतं.

वारा निवडायचा म्हणजे काय, ते असं. तुफान येण्याआधी घुमतं. दूर समुद्रावर ढगांची भिंत उभी राहते, तिच्या पोटातली थंड हवा धाडकन पाण्यावर आदळते, आणि त्या दणक्यातून एक खोल घुमार उठतो. तो इतक्या खालच्या पट्टीत असतो की माणसाच्या कानाला लागत नाही. पण पाण्यातून तो वाऱ्याच्या कितीतरी आधी किनाऱ्याला पोचतो. वारा मागून दोनेक तासांनी येतो. घुमार ऐकणाऱ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बोया निघाल्या तेव्हा सगळ्या किनाऱ्याचं नशीब पालटलं. दाभण्याच्या समुद्रात अशा बोया सोडल्या होत्या. त्या ऐकायच्या, बंदरावरच्या यंत्रातला तेजलचा प्रोग्राम त्याचा अर्थ लावायचा, आणि भोंगा किनाऱ्यावरही वाजायचा, प्रत्येक होडीवरही वाजायचा.

हा प्रोग्राम तिने पायथनमध्ये, डिपेन्डन्सी इंजेक्शनच्या फ्रेमवर्कवर उभा केला होता. नवऱ्याने एकदा जेवताना विचारलं, हे इंजेक्शन कुणाला टोचतेस.

"तू होडी काढताना बर्फ स्वतः तयार करतोस?" तेजल म्हणाली.

"मी काय बर्फवाला आहे?"

"नाही ना. तू नुसतं म्हणतोस, खणात बर्फ हवा. सोसायटीच्या कोठीतनं माणूस येतो, भरून जातो. कुठल्या कारखान्याचा बर्फ, तू विचारत नाहीस. माझा भोंगा तसाच. तो वारा शोधायला जात नाही. तो म्हणतो, वारा सांगणारा कोणीतरी माझ्या हातात द्या. मधला कोठीवाला देतो. तो कोठीवाला म्हणजे फ्रेमवर्क."

"कोठीवाल्याने खोटा वारा दिला तर?"

"देतोच की. चाचणी घ्यायची असली की मी त्याला सांगते, आज बोया नकोत, माझा लिहिलेला शांतवारा दे. शांतवाऱ्याला काही विचारा, तो म्हणणार सगळं ठीक आहे. भोंग्याला फरक कळत नाही. त्याला कळू नये, हीच तर त्यातली सोय आहे."

"बिचारा भोंगा," जितेश म्हणाला. "माझ्यासारखाच. बायको हातात देईल ते खरं."

जितेश असा होता. बोलण्यात सरळ वाक्य क्वचितच यायचं, आणि हसायला त्याला कारण लागायचं नाही. लग्नाआधी पीत असे. एका नारळी पौर्णिमेला धक्क्यावर उभं राहून, समुद्राला द्यायचा नारळ हातात धरून, त्याने सोडली. त्यानंतर थेंब घेतला नाही. कुंदाबाईच्या आयुष्यात याहून मोठी गोष्ट घडली नव्हती.

त्या वर्षीच्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सोसायटीचे चेअरमन मोरेश्वर पावसे घरी आले. चहा घेतला, साखर जास्त झाल्याचं सांगून दुसरा कप मागितला, आणि मग मूळ विषयाला हात घातला.

"तेजलताई, उद्या मंत्रीसाहेब येतायत. मागल्या वर्षी काय झालं ते तुला माहीत आहे."

सगळ्या गावाला माहीत होतं. मंत्र्यांच्या डोक्याला फेटा अर्धा गुंडाळला गेला असताना भोंगा कोकलला होता. मंत्री अर्धा फेटा लोंबवत गाडीत जाऊन बसले, आणि आलेला वारा मांडवाची एक कनात पाडून निघून गेला. पावसे दिसले की पोरं अजून डोक्याला टॉवेल अर्धा गुंडाळायची.

"यंदा ते घोषणा करणार आहेत," पावसे म्हणाले. "तुझं यंत्र चाळीस बंदरांत. तुझ्या नावानिशी. तेवढा तासभर भोंगा गप्प बसला पाहिजे."

"वायर काढली तर जिल्ह्याच्या कचेरीत लगेच कळतं, काका."

"वायर काढ म्हणून मी कुठं म्हणालो? वायर आमच्यासारखा अडाणी काढेल."

आतून कुंदाबाई म्हणाली, "कर गो. तासाभरात काय समुद्र आटत नाय."

तेजलने विचार केला. पूजा होईपर्यंत एकही होडी बंदर सोडत नाही. ज्याला ऐकायचं तोच समुद्रावर नसेल तर भोंगा गप्प राहिला काय आणि वाजला काय. आणि चाळीस बंदरं हा आकडा तिच्या कानात घुमायला लागला होता. सकाळी यंत्र मंत्र्यांच्या हस्ते नव्याने सुरू व्हायचंच होतं. तिने कोठीवाल्याला एका ओळीत सांगून ठेवलं की उद्या बोयांच्या जागी शांतवारा दे.

सगळं झकास पार पडलं. यंत्राला हार घातला, मंत्र्यांनी बटण दाबलं, फेटा पूर्ण बांधला गेला, घोषणा झाली. सोनेरी कागद लावलेले नारळ समुद्रात गेले. होड्या ओळीने बाहेर पडल्या. जितेशने होडीवरून तिच्याकडे बघून डोक्याला उपरणं अर्धंच गुंडाळलं आणि सलाम ठोकला. पावसे शेजारीच उभे असल्यामुळे तेजलला हसू दाबावं लागलं.

मग ती कार्यालयात गेली आणि ती एक ओळ काढून टाकली. पडद्यावर बोयांचा खरा वारा दिसायला लागला. सवयीने तिचा हात यंत्र बंद करून पुन्हा चालू करायच्या बटणाकडे गेला. दर चाचणीनंतर ती तसंच करायची.

"ए, हात नको लावू," पावसे दारातून म्हणाले. "पूजेला बसलेलं यंत्र आहे."

दाभण्याची ही रीत जुनी. पौर्णिमेच्या पहिल्या फेरीला निघालेल्या होडीचं इंजिन धक्क्याला परत लागेपर्यंत बंद करायचं नाही. मध्ये बंद पडलं तर वर्षभर समुद्र रुसतो, असं मानायचे. जाळं ओढतानाही इंजिन धडधडत ठेवतात.

"होडीचं इंजिन आपण बंद करतो का? मग हे कसं करशील? पहिली होडी येऊ दे, मग कर काय ते."

तेजलने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. खरा वारा दिसतच होता. ती घरी गेली.

दुपारी सासू-सुना जेवायला बसल्या. नारळीभात होता. कुंदाबाईने दुसऱ्यांदा भात मागितला, तेजलने वाढायला पातेलं जवळ ओढलं आणि शेजारी पडलेल्या फोनकडे तिची नजर गेली. त्यावर उघडा असलेला यंत्राचा पडदा लाल झाला होता, आणि लाल होऊन तास उलटून गेला होता. नैर्ऋत्येकडचा घुमार, आणि साधासुधा नव्हे. तिने कान टवकारले. बाहेर कुणाच्या तरी घरी गाणी लागली होती. भोंगा गप्प होता.

भोंगा का गप्प आहे हे समजायला तिला एक घास गिळायला लागतो तेवढाच वेळ लागला. पडदा दर वेळी कोठीवाल्याकडे नव्याने वारा मागायचा, म्हणून त्याला खरा मिळत होता. भोंग्याचं तसं नव्हतं. यंत्र सुरू होताना भोंगा एकदाच घडायचा, आणि घडताना हातात जो वारा मिळेल तो यंत्र बंद होईपर्यंत धरून ठेवायचा. सकाळी त्याच्या हातात शांतवारा पडला होता. नंतर तिने कोठीत माल बदलला, पण सोसायटीने बर्फाचा कारखाना बदलला म्हणून निघून गेलेल्या होडीच्या खणातला बर्फ बदलत नाही. हे तिला पाठ होतं. नव्या पोरांना ती हेच पहिल्या दिवशी शिकवायची.

ती उष्ट्या हाताने धावत सुटली.

कार्यालयात पावसे पाहुण्यांना पोचवून नुकतेच टेकले होते. तेजलने सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही.

"बंद करून चालू करायला किती वेळ?"

"चालू लगेच होतं. पण बोयांना आधी समुद्राचा नेहमीचा आवाज ओळखायला लागतो. अर्धा तास धरा. तोवर भोंगा वाजणार नाही, हाताने वाजवायची सोय ठेवलेली नाही."

"मग कर चालू. आणि वायरलेसवरून बोलव त्यांना."

तिने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि वायरलेस उचलला. बोलायला तोंड उघडणार तोच पावसेंनी माईकवर तळहात ठेवला.

"चॅनल उघडा आहे, तेजलताई. सगळे तांडेल ऐकतात, जिल्हा ऐकतो. परत या म्हण. का, ते सांगू नकोस. भोंग्यात तू खोटा वारा घातलास हे त्यावरून गेलं की चाळीस बंदरं राहू दे, तू आणि मी दोघं आत जाऊ."

त्यांनी हात काढला.

"जितेश," ती म्हणाली. "सगळ्यांना घेऊन मागे फीर."

खरखर झाली. मग त्याचा आवाज आला. "का गो? भात उरला काय?"

कुठल्याशा दुसऱ्या होडीवर कुणीतरी खिदळलं.

"वारा येतोय. फीर मागे."

"भोंगा वाजला नाय तो?"

"मी सांगते ना."

"तूच म्हणतेस भोंग्याचं ऐका, आता तूच म्हणतेस तुझं ऐक. एक कायतरी ठरव." तो हसला. दाबलेलं नव्हे, खळखळून. "आत्ताच जाळं टाकलंय. पहिल्या फेरीचं जाळं रिकामं ओढलं तर आई घरात घेईल मला?"

सगळे तांडेल हसले. तेजलच्या जिभेवर वाक्य तयार होतं. भोंग्याच्या हातात शांतवारा आहे, मीच दिलाय. एवढंच. त्याला बर्फाची गोष्ट ठाऊक होती, बाकी कुणाला नव्हती. अर्ध्या वाक्यात त्याला कळलं असतं, आणि त्याने जाळं कापून होडी वळवली असती. ते वाक्य ऐकून सगळ्या बंदरात फक्त तोच एक माणूस तिला काही बोलला नसता.

पावसे तिच्याकडे बघत होते.

"इथनं मळभ दिसतंय," ती म्हणाली.

"इथनं ऊन दिसतंय," जितेश म्हणाला. "जाळं ओढतो नि येतो. भात ठेव."

अर्ध्या तासाने भोंगा वाजला. तिच्या आजवरच्या कामात तो कधी इतका खणखणीत वाजला नव्हता. अकरा होड्या जवळ होत्या, त्या ओल्याचिंब होऊन, एकमेकींवर आपटत, पण आल्या. जितेशची होडी सगळ्यात पुढे गेलेली होती. तिची एक फळी तिसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी लागली. जितेश आणि त्याचे तीन खलाशी लागले नाहीत.

चौकशीला जिल्ह्याचा अधिकारी आला. भला माणूस होता, पाणीसुद्धा विचारून प्यायला. यंत्रात पूजेनंतरचं काही उरलं नव्हतं. बोयांनी ऐकलेलं तासाभरात पुसलं जायचं, एवढा घुमार साठवणार कुठे. फक्त दुपारी यंत्र पुन्हा सुरू केल्याची नोंद होती. पावसे म्हणाले, नेहमीची देखभाल. अधिकाऱ्याने मान डोलावली. भोंगा वाजला हे सगळ्या गावाने ऐकलं होतं, आणि अकरा होड्या परत आल्या होत्या. उशिरा वाजला असं म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. भोंगा उशिरा वाजतो, हे त्यांना समुद्र उशिरा येतो म्हटल्यासारखं वाटलं असतं.

मग तांडेलांच्या साक्षी झाल्या.

"बायकोनं बोलावलं त्याला, सायेब. आम्ही ऐकलं."

"मग?"

"हसला."

"हसला म्हणजे?"

"खळखळून हसला. कायतरी भाताचं बोलत होता."

अधिकाऱ्याने विचारलं, हा माणूस दारू प्यायचा का. तांडेलांनी एकमेकांकडे पाहिलं. पूर्वी प्यायचा, एक म्हणाला. सणाचा दिवस होता, दुसरा म्हणाला. कुणी खोटं बोललं नाही. अधिकारी तेजलकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही बोलावलंत, भोंग्यानेही बोलावलं. तुमच्या हातात होतं ते तुम्ही केलंत."

तिने खाली मान घातली. ते दुःख आहे असं सगळ्यांना वाटलं, आणि ते होतंही.

अहवालात तांडेलाची बेपर्वाई असं आलं. गावाने त्याचं सोपं करून घेतलं. जितेश प्याला होता, आणि त्याने तिघांना बुडवलं. पंधरवड्यात ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितल्यासारखं झालं. कोणाला बाटली आठवली, कोणाला त्याने धक्क्यावर उपरणं अर्धं गुंडाळून केलेला सलाम आठवला. शुद्धीतला माणूस पूजेच्या दिवशी असं करील का, असं लोक विचारायचे.

खलाशी दत्तारामची बायको सुगंधा एक दिवस दारात येऊन उभी राहिली. भिंतीवर जितेशचा फोटो होता. ती आत आली, फोटोसमोर थांबली आणि त्याच्यावर थुंकली. मग कुंदाबाईला म्हणाली, "पुसू नको. वाळू दे."

कुंदाबाईने ती जाईपर्यंत थांबून पदराने काच पुसली. "नारळ हातात घेतला होता माझ्या पोरानं," ती रिकाम्या दाराला म्हणाली. "त्यानं घेतली नाय."

वर्षभर ती हेच सांगत राहिली. मासळीच्या लिलावात, पिठाच्या गिरणीत, देवळाच्या पायरीवर. ती येताना दिसली की बायका दुसरं काहीतरी बोलायला लागत. तेजलला मात्र लोकांनी खुर्ची द्यायला सुरुवात केली. नवऱ्याने ऐकलं नाही तरी बाईने कर्तव्य सोडलं नाही, असं पावसे प्रत्येक सभेत सांगत. चाळीसपैकी बावीस बंदरांत यंत्र बसलं. घरात सासू तिला पहिलं ताट वाढायची. टोमणे बंद झाले होते.

"तू तरी हाक मारलीस त्याला," कुंदाबाई म्हणायची. "मी नुसती भात खात होते."

वर्ष फिरून पौर्णिमा आली. समुद्राने नेलेल्या माणसाच्या नावाने दाभण्यात वर्षाच्या पौर्णिमेला एक वेगळा नारळ सोडतात. तो सोडला की माणूस सुटला, असं मानतात. पण ज्याने पिऊन दुसऱ्यांना बुडवलं त्याच्या नावाने नारळ सोडत नाहीत. गावकीने निरोप पाठवला की तिघा खलाशांचे नारळ सुटतील. जितेशचं नाव निरोपात नव्हतं.

सकाळी तेजल बाहेर पडायच्या तयारीत होती. मंत्री याही वर्षी येणार होते. तासभराच्या शांततेसाठी तिने आता एक नीट सोय करून ठेवली होती. तास संपला की भोंगा आपोआप नव्याने घडायचा आणि हातात खरा वारा घ्यायचा. यात कोठे चूक राहिलेली नव्हती. पावसेंनी पाठीवर थाप दिली होती.

कुंदाबाई ओट्यावर बसली होती. मांडीत नारळ, त्याला सोनेरी कागद स्वतः चिकटवलेला. एका बाजूला कागद जरा सुरकुतला होता.

"बस जरा," ती म्हणाली.

तेजल बसली.

"गावाचं मी ऐकलं नाय. वर्षभर नाय ऐकलं. मी एकटी जाऊन सोडीन हा, कोण मला अडवतो बघते. पण माझं मन खातंय. खोटा नारळ दिला तर समुद्र तिघांचे पण परत टाकील." तिने नारळ दोन्ही हातांत धरला. "शेवटचं तूच बोललीस त्याच्याशी. आवाज तुझ्या कानात होता. तुझं मी ऐकीन. सांग मला. प्याला होता काय?"

तेजलच्या डोळ्यांसमोर तो सलाम आला. नाही, हा एकच शब्द होता. पण त्याच्या मागे दुसरा प्रश्न उभा होता. मग तो हसला का, मग तू त्याला काय सांगितलंस, मग भोंगा कधी वाजला. कुंदाबाई पहिल्या प्रश्नावर थांबणारी बाई नव्हती. धक्क्यावर बॅन्ड सुरू झाला होता.

"हो," तेजल म्हणाली. "आवाजावरून कळत होतं."

कुंदाबाईने नखाने सोनेरी कागद उचकटला, सावकाश, फाटू न देता काढला, घडी घालून कमरेला खोचला. मग उठून पायरीवर नारळ आपटला. पहिल्या फटक्याला फुटला नाही. दुसऱ्याला फुटला. पाणी तिने वाटीत धरलं, वास घेतला, चाखून पाहिलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "जायच्या आधी खवून दे. भातात घालू."

तेजलने विळी ओढली आणि खवायला बसली. खवताना तिला आत भिंतीवरचा फोटो उतरवल्याचा आवाज आला. खिळा भिंतीतून निघता निघत नव्हता, तो कुंदाबाईने तसाच राहू दिला.

धक्क्यावरचा कार्यक्रम यंदाही झकास झाला. भोंगा गप्प होता.

दुपारी दोघी जेवायला बसल्या. कुंदाबाईने दुसऱ्यांदा भात मागितला. तेजलने वाढला, आणि स्वतःच्या ताटातही घेतला.